आमच्या डब्यात रद्द झालेला पिक्चर

दौंडहून सकाळी पुण्याला जाणाऱ्या डेमू गाडीत आमचा एक डबा आहे. आमचा म्हणजे तसा रेल्वेचाच. पण इंजिनापासून कितवा डबा, त्यातला कुठला दरवाजा आणि त्या दरवाज्याच्या डाव्या हाताची कुठली बाकडी, हे सगळं वर्षानुवर्षं ठरलेलं. पुढच्या डब्यात भजनी मंडळ बसतं, मागच्यात पत्तेवाले. मधे आम्ही. आम्ही पिक्चर ऐकतो.

ऐकतो म्हणजे मोबाइलवर नाही. मोबाइलवर पिक्चर बघणाऱ्यासाठी आमच्यात कोणी जागा धरून ठेवत नाही. शनिवारी-रविवारी एकाने थेटरात जाऊन नवा पिक्चर बघायचा आणि सोमवारी दौंडला गाडी हलली की सांगायला सुरुवात करून हडपसर यायच्या आत संपवायचा. गाणी, मारामारी, रडारड, सगळं धरून. लोकांना पसंत पडला तर पुढच्या रविवारी सगळे सहकुटुंब बघणार. हे सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं, कारण मी ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

लहानपणापासूनच मला ही खोड आहे. माझं माहेर शिरूरचं. तिथल्या जुन्या मिशनच्या आवारात नाताळचं नाटक व्हायचं, त्यात मला एका वर्षी मेंढरू केलं. मेंढराला वाक्य नव्हतं. मी तालमीत काही बोलले नाही. पण प्रयोगाच्या दिवशी देवदूत येऊन 'भिऊ नका' म्हणाला तेव्हा मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "आम्ही नाही भीत!" पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण टाळ्या मला पडल्या. आता मी पुण्यात एका दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात. पण सकाळी गाडीत मी राजा होते, राक्षस होते, रडणारी सून होते आणि वेळ पडली तर हेलिकॉप्टरही होते.

आमच्या डब्याचा एक नियम मात्र कडक आहे. ऐकणाऱ्याला गोष्टीत काही पटलं नाही तर त्याने हात वर करून खाली ओढायचा, गाडीची साखळी ओढतात तसा, आणि म्हणायचं, "साखळी!" की सांगणाऱ्याने तिथल्या तिथे थांबायचं आणि खुलासा द्यायचा. खुलासा पिक्चरमधलाच पाहिजे, पदरचा नाही. पटला तर साखळी सुटली. नाही पटला तर मोजली. अशा तीन मोजल्या गेल्या की पिक्चर रद्द. रद्द म्हणजे डब्यातल्या कुणीही तो बघायला जायचं नाही. हिरोईन हुरड्याच्या दिवसांत झाडावरचे आंबे तोडून खात होती, तेवढ्यावर एका पिक्चरचं पाटस यायच्या आत निम्मं काम झालं होतं.

साखळी ओढण्यात पटाईत म्हणजे भाऊसाहेब. पुण्याला कोर्टात नोकरीला, त्यामुळे समोरचा खोटंच बोलतोय असं धरूनच ऐकतात. आणि कधीही साखळी न ओढणारे म्हणजे मामा. मामा रेल्वेतच, पुण्याला यार्डात डब्यांच्या दुरुस्तीवर. खिडकीपाशी बसायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. एखादं गाणं मी लांबवलं तर एक डोळा उघडायचा, बस्स.

मामांची मुलगी पिक्चरचे सेट बांधते. पाबळला हाताची कामं शिकवणारी शाळा आहे, तिथे ती वेल्डिंग, सुतारकाम, पत्र्याचं काम शिकून आली. मामांना वाटलं, आता वर्कशॉपची परीक्षा देईल आणि आपल्यासारखी रेल्वेत लागेल. ती गेली मुंबईला. मामांचा त्यावरचा राग काही वेगळाच होता. पोरगी सिनेमात गेली म्हणून लोक काय म्हणतील, असलं काही नाही. ते म्हणायचे, "खोटी घरं बांधती ती. म्होरनं भिंत, मागनं बांबू. शूटिंग झालं की पाडत्यात. आमी डबा नीट केला तर त्यात हजार मानसं बसून जात्यात. हिच्या घरात कोन ऱ्हातंय?" तिचं काम असलेला एकही पिक्चर त्यांनी बघितला नव्हता. फोनवर बाप-लेकीत तब्येत आणि गॅसची टाकी याच्यापलीकडे बोलणं होत नव्हतं.

मग हा पिक्चर आला. परग्रहावरचा. मोठ्या बजेटचा, मोठ्या हिरोचा आणि त्यात पहिल्यांदाच सगळा सेट एकट्या तिच्या जबाबदारीवर. तिने बापाला फोन केला, एकदा तरी बघा म्हणाली. मामांनी सांगितलं, "डब्यात पास झाला तर बघतो. न्हाय झाला तर पुन्यांदा सांगायचं न्हाई." आणि मामा एकदा बोलले की बोलले.

शनिवारी तिचा मला फोन.

"मावशी, सोमवारी तुम्हीच सांगणार ना?"

"मग दुसरं कोण सांगतंय?"

"एकच करा. वाढवून काही सांगू नका. आप्पांना लगेच कळतं." आमचे मामा म्हणजे तिचे आप्पा.

"मी? मी वाढवते?"

"मावशी, दिवाळीत तुम्ही मला एका पिक्चरची गोष्ट सांगितलीत, त्याच्यावर मी स्वतः काम केलं होतं. त्यात हत्ती नव्हता."

डब्याबाहेर सांगितलेल्या पिक्चरला नियम लागू नसतात, हे मी तिला समजावून सांगितलं. मग विचारलं, "बरं, स्टोरी कशी आहे गं?"

"स्टोरी माझ्याकडे नव्हती, मावशी."

मी फोन ठेवला आणि पिक्चर कुठे लागलाय ते बघायला लागले.

पिक्चर दौंडला लागला नव्हता, शिरूरला लागला होता. रविवारची उपासना आटोपून मी शिरूर गाठलं, भावाकडे जेवले आणि भावजयीला घेऊन थेटरात जाऊन बसले. अर्ध्या तासात भावजय झोपली. ती सुखी झाली. मला झोपायची सोय नव्हती. पडद्यावर एकेक प्रसंग येत होता आणि मला भाऊसाहेबांचा हात वर जाताना दिसत होता. मध्यंतरापर्यंत मी सात-आठ साखळ्या मोजल्या आणि मोजायचं सोडून दिलं. शेजारचा एक माणूस बायकोला म्हणाला, "मला वाटलं मलाच कळंना." ती म्हणाली, "न्हाई हो, त्यांना पन कळंना झालंय."

पण एक गोष्ट होती. त्या ग्रहावर कामगारांची एक वसाहत दाखवली होती. हिरो तिथे येऊन डायलॉग मारतो, दोन-तीन वेळा येतो आणि जातो. ती वसाहत खरी होती. म्हणजे एवढ्या सगळ्या खोट्यात तेवढंच काय ते खरं वाटत होतं. तिथे कुणीतरी राहतंय, आत्ताच कामावर गेलंय, असं वाटायचं.

संध्याकाळी न्हावऱ्याच्या रस्त्याने परत येताना मी एसटीत पक्कं ठरवलं. हा पिक्चर मी हडपसरला पोचवणार. एक शब्द पदरचा न घालता पोचवणार. ढकलत न्यावा लागला तरी नेणार. कंडक्टरने दोनदा विचारलं, ताई, कुणाशी बोलताय. मी म्हटलं, तालीम चालू आहे.

सोमवारी डबा नेहमीपेक्षा जास्त भरला होता. मामांच्या लेकीचा पिक्चर आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मामा खिडकीपाशी डोळे मिटून बसलेले. गाडी हलली. मी पदर खोचला.

"वर्ष कुठलं ते सांगत नाहीत. पृथ्वीवरचं पाणी संपलंय! नद्या आटल्या, समुद्र आटला, माणसं थेंबाथेंबाला मोताद! आणि अशा वेळी येतो आपला हिरो. कसा येतो? स्विमिंग टँकमधून डोकं वर काढून, केस झटकत..."

"साखळी!" भाऊसाहेबांचा हात खाली आला. अजून दौंडचं यार्डही संपलं नव्हतं. "पाणी संपलंय ना? मग हा डुंबतोय कशात?"

मला याची कल्पना होती. मी शांतपणे म्हटलं, "हिरो मंत्र्याचा मुलगा आहे."

मग पलीकडच्या बाकावरून एक आवाज आला, "मंत्र्याचा? मग आसंल की." भाऊसाहेबांनीही मान हलवली. "हं. मग बरोबर आहे. सोडा गाडी." साखळी सुटली.

पाटस गेलं. मी हिरोला रॉकेटमध्ये बसवलं. लांबच्या एका ग्रहावर जमिनीखाली बर्फाचे डोंगर आहेत, ते खणून पृथ्वीवर आणायचे. जायला सात महिने लागतात. ते सात महिने मी दाढी वाढवून, घास गिळताना तोंड वाकडं करून असे काही सांगितले की समोरच्या नर्सबाईंनी मला पाण्याची बाटली पुढे केली. हिरो ग्रहावर पोचतो. इकडे पृथ्वीवर त्याची आई आजारी. तिचं औषध त्या बर्फातच आहे. बातमी कळते. हिरो रडतो. गाणं सुरू होतं. गाणं संपतं आणि हिरो आईच्या उशाशी हजर!

"साखळी," नर्सबाईच म्हणाल्या, जरा ओशाळून. "जायला सात महिने लागले ना हो?"

"गाणं मोठं होतं," मी म्हटलं.

"किती मोठं?"

मोजली. एक.

केडगाव गेलं. हिरो पुन्हा ग्रहावर. तिथे हवा नाही, एवढं तरी पिक्चरने नीट सांगितलेलं. काचेचं हेल्मेट काढलं की माणूस मेला. मी हे दोनदा ठासून सांगितलं, कारण पुढे काय आहे ते मला माहीत होतं आणि ते लपवलं असतं तर खोटं झालं असतं. हिरोईन भेटते. तिच्या डोळ्यांत पाणी येतं. हिरो आपलं हेल्मेट काढतो, तिचं काढतो आणि रुमालाने...

भाऊसाहेबांनी नुसता हात वर धरला आणि सावकाश, चव घेत घेत खाली ओढला.

"प्रेम आहे," मी म्हटलं.

"प्रेमाने फुप्फुस चालत नाही, ताई."

दोन.

खुटबाव आलं. मामांचा एक डोळा उघडला होता. माझ्याकडे नव्हे, बाहेर बघत होते. मला एक क्षण वाटलं, सोपं आहे. एकच वाक्य घालायचं. 'ते गुहेत होते आणि गुहेत हवा होती.' आत्ता गाडीत कोण तपासणार? पण लेकीने बजावलं होतं आणि मामांच्या शेजारी बसून खोटं बोलायची माझी छाती नव्हती. आता उरलेल्या पिक्चरमध्ये अजून डझनभर साखळ्या तयार होत्या. रोबोट बाळंतपण करतो, ती एक. व्हिलन पहिल्या मारामारीत मरतो आणि शेवटच्या मारामारीला येतो, ती दुसरी.

मग मला सुचलं. गोष्टीत काही घडलं की साखळी ओढली जाते. काही घडलंच नाही तर? मी गोष्ट थांबवते आणि जागा सांगते! ती वसाहत. पिक्चरमध्ये आहे ती, पदरची नाही. तीच सांगत सांगत मांजरी गाठायची आणि उरलेलं सगळं शेवटच्या दोन मिनिटांत उरकायचं.

"तर मंडळी," मी आवाज खाली आणला, "हिरो वसाहतीत येतो. बर्फ खणणाऱ्या कामगारांची वसाहत. लोखंडी पत्र्याच्या खोल्यांची रांग, एकाला एक लागून. प्रत्येक दारावर रंगाने घातलेला नंबर, त्याच्याखाली जुना नंबर पुसट दिसतोय. दाराच्या आत खिळा, खिळ्याला डब्याची पिशवी. आतच दोरीवर वाळत टाकलेले कपडे, त्यातला एक शर्ट उलटा. नळावर फडकं गुंडाळलेलं, गळू नये म्हणून. भिंतीला पोराची उंची मोजलेल्या रेघा."

डबा ऐकत होता. येवत कधी गेलं कळलं नाही. भाऊसाहेबसुद्धा हनुवटीला हात लावून बसले होते. मला जोर चढला.

"आणि प्रत्येक दाराबाहेर कट्टा नाही, पण एकाच दाराबाहेर आहे. छोटासा ओटा. दोन माणसं बसतील एवढा. वरच्या फरशीची कड एका बाजूला झिजलेली, रोज कुणीतरी तिथेच बसावं तशी. हिरो त्याच्यासमोर उभा राहतो आणि..."

"साखळी."

आवाज ओळखीचा होता, पण हा शब्द त्या आवाजात कुणी कधी ऐकला नव्हता. मामा. त्यांनी हात वर केला नव्हता. दोन्ही डोळे उघडे होते.

"हवा न्हाई म्हनलात."

"नाही."

"दाराभाईर पाऊल टाकलं की मानूस मरतंय."

"हो मामा."

"मंग भाईर ओटा कुनासाठी?"

इतका साधा प्रश्न मला थेटरात पडलाच नव्हता. मी ओट्याकडे बघितलं, मला तो आवडला आणि मी पुढे गेले. पिक्चरमध्ये त्याचा कुठे खुलासा नाही. त्याच्यावर कुणी बसतही नाही.

"तीन," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते आवडलेलं दिसलं नाही. "नियम आहे. रद्द."

पुढच्या डब्यातून टाळ ऐकू येत होते. मी खाली बसले. पिक्चर पाडायला मीच रस्ता करून दिला होता आणि तोही त्या पोरीच्या कामातूनच.

मामा मात्र माझ्याकडेच बघत होते. "ताई, फरशी येक हुती का दोन?"

"कुठली?"

"ओट्याची."

मी डोळे मिटून आठवलं. "दोन. मधे सांधा होता. एक काळी, एक पिवळट."

"काळी कडाप्प्याची. पिवळी शहाबादी," मामा म्हणाले. "जेवढी घावली तेवढी. येक पुरली न्हाई म्हनून दुसरी लावली."

"कुणी लावली, मामा?" नर्सबाईंनी विचारलं.

"मी. जुन्या क्वार्टराला. पोरगी चालाया लागली तवा. त्याच्यावर बसून अभ्यास करायची, मी ड्यूटीवरनं येईस्तोवर." त्यांनी खिडकीची काच उगाच वर-खाली केली. "आता कुठं हाय ते क्वार्टर? पाडलं की. चार मजली झालं तिथं. आमाला वरचा मजला दिला. वर कसला आलाय ओटा."

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. कोर्टातला माणूस, गप्प बसवेना. "म्हणजे मामा, तुमचं खरं घर पाडलं आणि हिचं खोटं..."

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "तुमचं लोणी आलं का बघा." त्यांना लोणीला उतरायचं नव्हतं, पण ते गप्प झाले.

हडपसर यायच्या बेताला मामा उठले. त्यांचं स्टेशन पुणं, पण ते आधीपासून दारात उभे राहतात. दारात न जाता ते माझ्यासमोर थांबले.

"शिरूरला कवापातूर हाय ह्यो पिक्चर?"

"मामा," कुणीतरी मागून म्हणालं, "रद्द झालाय. तुम्हीच तर तिसरी ओढली."

"म्हाईत हाय मला. नियम मी बी पाळतो." त्यांनी वळून भाऊसाहेबांकडे बघितलं. "पिक्चर बघाया मी न्हाई जात. ओटा बघाया जातो. त्याला काय हरकत?"

भाऊसाहेबांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाले, "ओट्याला हरकत नाही."

आम्ही गेलो पुढच्या रविवारी. मामा, मामी आणि मी. चौफुल्यावरून न्हावरा, न्हावऱ्यावरून शिरूर. थेटरात आम्ही धरून मोजकीच माणसं. मामांनी स्विमिंग टँक बघितला, रॉकेट बघितलं, सात महिने बघितले. दर पाच मिनिटांनी मला विचारत होते, "आलं का?" मामी म्हणाल्या, "आवं, येईल की. काय एसटी हाय का निघून जायला."

वसाहत आली. मामा खुर्चीच्या कडेला सरकले. ओटा दिसला न दिसला आणि हिरो बरोबर त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, पाय फाकवून, आणि मानवजातीबद्दल बोलायला लागला. बोलतोय, बोलतोय, हलतच नाही. मामा उभे राहिले.

"आरं बाजूला हो की!" ते पडद्याकडे बघून ओरडले. "बोल तिकडं जाऊन!"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. हिरो शेवटी हलला, मामांनी हाकललं म्हणूनच हलला असं मी आजही डब्यात सांगते, आणि ओटा पुरता दिसला. मामींनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मामा उभेच. कॅमेरा फिरला, वसाहत गेली. "बसा हो काका," मागून आवाज आला. मामा बसले नाहीत. सरळ बाहेर निघाले. पुढचा रोबोट, बाळंतपण, दोनदा मेलेला व्हिलन, त्यांनी काहीच बघितलं नाही.

बाहेर थेटरच्या पायऱ्यांवर त्यांनी लेकीला फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर चालू.

"आप्पा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी हाय. शिरूरला हाय आमी. थेटरात."

मग बारीक आवाजात, "कसा वाटला?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मला पाहिजे होतं की त्यांनी एकदा, एकदाच, थोडं वाढवून सांगावं.

"पिक्चर बंडल हाय," मामा म्हणाले. "शेंडाबुडखा न्हाई कशाला. ज्यानं लिव्हला त्याला डब्यात बशीव आमच्या येक दिवस." मग म्हणाले, "घर बराबर हाय."

"ओटा दिसला?" तिने विचारलं.

"दिसला. पर फरशी चुकली. पिवळी उजवीकडं हुती. तू डावीकडं लावली."

"आप्पा, पिवळी डावीकडेच होती."

"मी बसवली का तू?"

"बसायचे मी! तुम्ही दिवसभर ड्यूटीवर. पिवळी तापायची नाही म्हणून मी तिच्यावर बसायचे, आणि शेजारचा नळ डाव्या हाताला असायचा. म्हणजे कुठली बाजू झाली?"

"दारातनं बघून डावी का रस्त्यावरनं?"

"बघा! रस्त्यावरनं. तुम्ही दारातनं म्हणताय!"

"दारातनंच म्हनायचं आसतं. घर दारातनं बघत्यात."

मामी माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता ह्यांचं काय संपत न्हाई." खरंच संपलं नाही. थेटरच्या पायऱ्या उतरताना चालू होतं, स्टँडवर चालू होतं, एसटीत खिडकीपाशी बसून मामांनी हाताने हवेत ओटा काढला, दार काढलं, नळ काढला, आणि पलीकडून ती म्हणत होती, नाही आप्पा, नळ अजून पुढे होता, तुम्ही थांबा, मी फोटो पाठवते, आणि मामा म्हणत होते, फोटो नको, पुढच्या टायमाला बांधायच्या आधी मला इचारत जा, मी येऊन उभा ऱ्हातो तिथं.